तळ्यातला ओटा

९ फेब्रुवारी

ताई,

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोन आईच्या उशाशी असतो आणि ती झोपल्याचं सोंग फार छान करते. म्हणून लिहितो.

आधी हे वाच की आई ठीक आहे. थोडा खोकला आहे आणि माझ्याशी अबोला आहे, बाकी काही नाही.

घरामागच्या तळ्यात तिच्यासाठी तरंगता ओटा करतोय, हे तुला कळवलं होतं. गुडघे गेल्यापासून तिला काठाचा उतार उतरवत नाही आणि खिडकीतून तळं बघणं म्हणजे, तिच्या शब्दांत, दुसऱ्याच्या ताटात बघणं. म्हणून ठरवलं की काठावरून सरळ एक फळी टाकायची, पुढे ओटा, ओट्यावर तिची खुर्ची. महिनाभर खपलो. खाली निळी पिंपं, वर लाकडी चौकट, फळ्या, आणि टेकायला उंच पाठीचा एक बाक. कपाटं करण्यात जन्म गेला माझा, त्यामुळे सांधे असे बसले होते की सुई जाऊ नये. अंगणात पाणसळ लावून बघितली तर बुडबुडा नेमका मध्यावर.

रविवारी सकाळी सगळे चढलो आणि ओटा कलला. एक बाजू पाण्यात गेली, दुसरी वर आली आणि आई खुर्चीसकट तळ्यात. पाणी तिथं पुरुषभर आहे. धाकटाही आला होता. त्याने उडी मारून तिला बाहेर काढलं. मी बाकाला धरून होतो.

चूक पिंपांची असणार. एखाद्याचं झाकण सैल राहिलं असेल. तुझा जन्म होड्यांच्या धक्क्यावर गेला, तूच सांग तोल कसा धरायचा ते. मला तोंड दाखवायला जागा राहिलेली नाही. समोरचा शिंपी रोज सकाळी दुकान उघडताना विचारतो, "काय, जहाज कधी सुटणार?"

तुझा मधला


१६ फेब्रुवारी

मधल्या,

पत्र वाचून आधी घाबरले, मग हसले, मग हसल्याबद्दल स्वतःलाच शिव्या घातल्या. आईला वाफ दे. ती नको म्हणेल, तरी दे.

आता तुझ्या ओट्याविषयी. अरे, अंगणात पाणसळ लावून काय उपयोग? जमीन सगळ्यांना सारखं उचलते, पाणी तसं नाही उचलत. तू आयुष्यभर भिंतीला टेकवायच्या वस्तू केल्यास. पाण्यात भिंत कुठून आणणार?

मी तिकिटं फाडते, नाव चालवत नाही. पण इतकी वर्षं एकच वाक्य ओरडत आले आहे: "दोन्ही बाजूंना वाटून बसा." त्यामुळे जे कळतं ते सांगते. तू पिंपं मध्यावर एकत्र बांधली असणार, स्टुलाच्या पायांसारखी. ती बाहेर घे, पार कडेला. कडेची पिंपं कलू देत नाहीत. तो उंच पाठीचा बाक काढून टाक. वजन जितकं खाली तितकं बरं. आणि दोन पिंपं काठोकाठ पाणी भरून, झाकणं घट्ट लावून, चौकटीच्या खाली दोन बाजूंना पक्की बांध. पाण्यात असेपर्यंत त्यांचं वजन जाणवत नाही, पण एखादी बाजू वर उठायला लागली की ती खाली ओढतात. आमच्या इथला नावाडी तसंच करतो.

पण झाकण सैल असलं तरी ओटा हळूहळू बसतो, असा एकदम कलत नाही. मला सांग, कोण कुठे उभं होतं? एकेकाची जागा लिही.

धाकटा सुटून आल्यापासून पहिल्यांदाच घरी आला ना? बरं झालं बोलावलंस. कसा दिसतो? टायरच्या दुकानात रुळला का? मी येणार होते, पण खिडकीवर दुसरं कुणी बसायला नव्हतं. रजाच मिळेना.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

पिंपं कडेला घेतली. बाक काढला. काढताना जीव तुटला, पण काढला. पाण्याची पिंपं खाली बांधताना तासभर गळ्याइतक्या पाण्यात होतो आणि ही काठावर उभी राहून म्हणत होती, "एवढं कपाटाला कधी भिजला नाहीत." आता रिकामा ओटा डुलतसुद्धा नाही. दोर बांधायचे राहिलेत, वारा आला की तो फिरतो.

जागा विचारल्यास म्हणून लिहितो, त्यात विशेष काही नाही. आईची खुर्ची मध्यावर. मी, ही, मुलगा आणि सूनबाई घराकडच्या टोकाला, बाकाजवळ. धाकटा पलीकडच्या टोकाला. तो सगळ्यात शेवटी चढला. आधी तो आमच्या बाजूला येत होता, पण तिथे गर्दी होती. आणि पलीकडे ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हणून आम्ही जरा अलीकडे सरकलो. एवढंच.

धाकटा बरा दिसतो. बारीक झालाय. फारसं बोलला नाही. आईला बाहेर काढलं आणि ओल्या कपड्यांनीच गेला. मी टॉवेल आणायला आत गेलो होतो, तेवढ्यात निघाला.

मधला

(पाकीट मी चिकटवते, म्हणून हे खाली लिहिता येतं. बाई, टॉवेल आणायला जायच्या आधी हा धाकट्याला काय बोलला ते विचार. मला खोकला पाण्याने झालेला नाही. – आई)


३ मार्च

मधल्या,

आईने पत्राखाली चार ओळी लिहिल्या आहेत. तुला माहीत नसणार. तिच्यावर रागावू नकोस, रागवायचा हक्क या वेळी आपल्या दोघांनाही नाही.

तुझं पत्र मी दोन नावांच्या मधल्या वेळात वाचलं आणि समोरच्या वहीवर चौकोन काढून तुम्हा सगळ्यांना ठिपक्यांनी बसवलं. चार ठिपके एका बाजूला, एक ठिपका दुसऱ्या बाजूला, मध्ये आई. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणतोस. अरे, मी त्या घरात वाढले आहे. सकाळचं ऊन तळ्याकडे बघणाऱ्याच्या पाठीवर येतं आणि घराकडे बघणाऱ्याच्या डोळ्यांवर. तुम्ही चौघे त्याच्याकडे बघत असाल तर ऊन तुमच्या पाठीवर होतं. डोळ्यांवर ते एकट्या धाकट्याच्या होतं.

पिंपांची झाकणं घट्टच होती, मधल्या. तुम्ही सरकलात म्हणून तो ओटा कलला.

त्याच्या ट्रकखाली तो सायकलवाला गेला, धाकट्याला डुलकी लागली होती, त्याने ते कोर्टात पहिल्याच दिवशी कबूल केलं आणि शिक्षा भोगून आला. आपण कुणी त्याला कधी वाईट बोललो नाही. जेवायला बोलावतो, पानावर बसवतो. फक्त तो शेजारी येऊन बसला की आपल्याला उठायचं काहीतरी काम निघतं. जमिनीवर ते कळत नाही. पाण्यावर कळलं.

आता माझं ऐक, म्हणजे मी फार शहाणी आहे असं तुला वाटायला नको. मला रजा मिळाली होती. पिशवीसुद्धा भरली होती. पण लेकीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत आणि त्या लोकांनी विचारलं, तुम्ही भावंडं किती. मी म्हटलं, मला एक भाऊ आहे, त्याचा कपाटांचा धंदा आहे. एकदा असं म्हटल्यावर कुठल्या तोंडाने दोघांच्या मध्ये येऊन उभी राहणार होते? तुम्ही ओट्याच्या टोकापर्यंत सरकलात. मी इतकी सरकले की चढलेच नाही.

तू त्याला काय बोललास?

ताई


२२ मार्च

ताई,

उत्तराला उशीर झाला. चार वेळा कागद घेतला आणि चारही वेळा तुला दोरांविषयीच लिहायला लागलो, म्हणून फाडून टाकला.

तो आईला खांद्यावर घेऊन काठावर आला. तिला गवतावर बसवलं, तिच्या पाठीवर हात फिरवत होता. पाणी गळत होतं दोघांच्या अंगातून. आम्ही फळीवरून धडपडत काठावर आलो, अर्धे भिजलेले. शिंप्याच्या घरची माणसं कुंपणाशी आली होती. मला भीती वाटली होती ताई, खूप भीती वाटली होती, आणि लाजही वाटत होती की आईसाठी उडी मी मारली नाही. पोहायला दोघांनाही सारखंच येतं, बाबांनी एकाच तळ्यात शिकवलं. आणि मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "तू जिथे जातोस तिथे माणसं मरायला टेकतात."

तो म्हणाला, "बरं."

एवढंच. मी उलटून काहीतरी ऐकायला तयार होतो. शिवी दिली असती तर चाललं असतं. तो "बरं" म्हणाला, आईच्या पदराचं पाणी पिळलं आणि गेला. टॉवेलबिवेल मी नंतर आणला, तो गेल्यावर, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. चहा दिला तर घेते. ही बोलते, पण तीही सरकली होती, त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळतो. मुलगा म्हणाला, "बाबा, त्या वेळी मला कळलंसुद्धा नाही मी कधी बाजूला झालो." ते मला पटतं. ठरवून कुणी केलं नाही. ठरवून केलं असतं तर निदान थांबवता आलं असतं.

मागच्या आठवड्यात सकाळी फाटक उघडलं तर बाहेर चार जुने टायर ठेवलेले. प्रत्येकात सिमेंट भरलेलं, मध्ये लोखंडी कडी बसवलेली. ओट्याच्या नांगराला याहून चांगली वस्तू नाही. चिठ्ठी नाही, काही नाही. आईने खिडकीतून बघितलं आणि इतक्या दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, "आता तरी कळलं का कुणाचं वजन कशाला असतं ते?"

मी त्याच्या दुकानावर गेलो. म्हणजे दुकानासमोर गेलो. रस्त्याच्या अलीकडे उभा राहिलो. तो एका मोटरसायकलीचं चाक काढत होता, गिऱ्हाइकाशी काहीतरी बोलून हसला. मला वाटलं, रस्ता ओलांडला की हे हसणं जाईल. परत आलो. येताना माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकात हवा कमी आहे हे लक्षात आलं आणि ती मी दुसऱ्याच दुकानात भरून घेतली. याची लाज तर सांगताही येत नाही.

मधला


२८ मार्च

मधल्या,

लाज वाटते हे चांगलं आहे, पण तिच्याच अंथरुणात लोळत पडू नकोस. मलाही ती सवय लागायला लागली आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास वाईट वाटून घ्यायचं आणि मग भाजी चिरायला घ्यायची. त्याने धाकट्याला काय मिळालं?

त्याला पत्र लिही. रस्ता ओलांडवत नसेल तर पोस्टमन ओलांडेल. गोल गोल लिहू नकोस. जे बोललास ते आधी लिही, दोर मागून.

मी काल त्या लोकांकडे गेले आणि सांगितलं की मला भाऊ दोन आहेत, आणि धाकट्याचं सगळं सांगितलं. मुलाच्या आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "विचार करून कळवतो." लेक माझ्याशी बोलत नाही. आपल्या घरात सध्या अबोल्याला बरे दिवस आलेत.

ताई


१ एप्रिल

धाकट्या,

त्या दिवशी काठावर मी तुला जे बोललो ते बोलायला नको होतं. घाबरलो होतो म्हणून बोललो असं लिहिलं होतं, ते खोडलं, कारण घाबरलेली माणसं तशी नसतात. तू घाबरला होतास आणि तू उडी मारलीस.

आणि त्याच्या आधी आम्ही सरकलो. तू आमच्याकडे येत होतास आणि आम्ही सरकलो. मला वाटतं तू ते बघितलंस, म्हणून तू पलीकडे गेलास.

टायर मिळाले. ते तूच ठेवलेस हे विचारत नाही. ओटा आता नव्याने बांधलाय, ताईने सांगितला तसा. पोती ठेवून बघितलं, तोल धरतो. पण पोती म्हणजे माणसं नव्हेत. ती ठेवलेल्या जागी राहतात. तू येऊन बघशील का? आई विचारते. मीही विचारतो.

दादा


६ एप्रिल

दादा,

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून कपाटाच्या मापांसारखंच, एकेक अक्षर वेगळं उभं.

तू काय बोललास ते मला ठाऊक नाही. कानांत पाणी गेलं होतं, दोन दिवस नुसती भणभण चालू होती. तेव्हा ते सोड.

टायर चारही कोपऱ्यांना बांध, पण दोर ताणून बांधू नकोस. तळ्याचं पाणी चढलं की ताणलेला दोर ओट्याला खाली धरून ठेवेल. जरा ढील दे. समोरासमोरचे दोर एकमेकांना छेद देतील असे बांधलेस तर वाऱ्याने फिरणार नाही. फळीला काठाकडून बिजागरी लाव, ओट्याकडून मोकळी ठेव.

रविवारी दुकान बंद असतं. येईन. मी काठावरूनच बघेन, म्हणजे नीट दिसतं.

आई फोनवर खोकत असते, तिला म्हणावं औषध अर्धं टाकून देऊ नकोस. ती टाकते.

तुझा धाकटा


१५ एप्रिल

ताई,

तो आला. काठावर उभा राहिला. दोर बघितले, एक गाठ सोडून पुन्हा बांधली. आईला मुलाने आणि मी धरून फळीवरून नेलं, खुर्चीत बसवलं. ही आणि सूनबाई चढल्या आणि खुर्चीजवळ थांबल्या. ओटा हलला आणि थांबला. सगळं ठीक होतं आणि सगळे काठाकडे बघत होतो. आई म्हणाली, "मी त्याच्या हातून पाण्यातून बाहेर आले. आता तो काठावर आणि मी इथं, हे कुठलं?"

मग तो चढला. आणि ताई, सवयीने थेट पलीकडच्या टोकाला गेला. तिथून मला हाताने खूण करून म्हणाला, "दादा, तू त्या बाजूला थांब. म्हणजे तोल राहील."

त्यात काही खोटं नव्हतं. तूही तेच ओरडत आलीस जन्मभर. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी, हिशेब बरोबर. मला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की पाय तिथंच रुतले, आणि मग कळलं की तो मला पुन्हा एकदा वाचवतोय. कानांत पाणी गेलं म्हणाला, तेव्हाही तेच. आता उभं राहायला चांगलं कारण देत होता, कुणाला वाईट वाटणार नाही असं. आम्ही आजवर सरकायला कारणं शोधत आलो आणि तो बिचारा ती आम्हाला पुरवत आलाय.

मी गेलो. चार पावलं नसतील, पण आई बघत होती, ही बघत होती, कुंपणापलीकडून शिंपीही बघत होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो तशी ती बाजू खाली दबली आणि पाणी फळीच्या कडेवरून आत आलं. तो पटकन म्हणाला, "अरे, भिजशील." मी म्हटलं, "तू 'बरं' म्हणाला होतास." तो तळ्याकडे बघत राहिला. म्हटलं, "कानांत पाणी गेलेला माणूस 'बरं' म्हणत नाही, धाकट्या." त्याचा खालचा ओठ लहानपणी रडायच्या आधी जसा व्हायचा तसा झाला. माफी मागायला गेलो होतो, ती तिथं मागितलीच नाही. ती अजून राहिलेली आहे.

मागे आवाज झाला. ही येत होती. मग मुलगा आणि सूनबाई. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आईने खुर्ची पुढे ओढायला लावली. ओटा आमच्याकडे झुकला, पलीकडची बाजू वर उठायला लागली आणि मला वाटलं, झालं, पुन्हा सगळे तळ्यात. पण तुझी ती पाण्याची पिंपं खालून धरून राहिली. घोट्यापर्यंत पाणी आलं आणि तिथंच थांबलं. शिंपी ओरडला, "अहो, वाटून उभे राहा." कुणी हललं नाही.

जाताना त्याला जेवायचं विचारलं तर नको म्हणाला. पुढच्या रविवारी बघू म्हणाला. तेव्हा सगळं गोड झालं असं समजू नकोस. अजून तो बोलताना आधी आपल्या तोंडाकडे बघतो, कितपत जवळ यायचं ते ठरवायला. ते मी पहिल्यांदाच बघितलं, तो इतकी वर्षं करत असणार.

लेकीच्या बोलण्यांचं काय झालं ते कळव. त्यांनी नाही कळवलं तर तिला घेऊन इकडे ये, आणि हो कळवलं तर त्यांनाही घेऊन ये. ओटा पेलतो. फक्त उभं त्याच बाजूला राहायचं आहे आणि तिथं पाणी वर येतं, तेव्हा जुन्या चपला घालून ये.

मधला